रसायनशास्त्राच्या पदवी-अभ्यासक्रमाची आखणी आणि परिभाषा : औरंगाबाद ते चिकलठाणा

१

पदवीचा अभ्यासक्रम हा मूलतः एक क्रम असतो. कोणता विषय कोणत्या विषयाच्या आधी यावा, कोणत्या प्रयोगाला किती तासिका द्याव्यात, आणि एका वर्षाच्या अखेरीस विद्यार्थ्याजवळ पुढील वर्षासाठी कोणती शिदोरी असावी, यांचा निर्णय म्हणजेच अभ्यासक्रमाची आखणी होय. रसायनशास्त्रात हा क्रम विशेष कडक असतो. अणुरचना व रासायनिक बंध यांचे ज्ञान झाल्यावाचून सेंद्रिय अभिक्रियांची उपपत्ती उमगत नाही. कलनाचा परिचय नसल्यास उष्मागतिकीची समीकरणे नुसती पाठ करावी लागतात. आणि ब्यूरेट व पिपेट हाती धरून अनुमापनाचा सराव झालेला नसल्यास यंत्राने दाखविलेल्या आकड्यावर कितपत विश्वास ठेवावा, हे समजत नाही. अभ्यास मंडळांच्या बैठकांतून होणारी चर्चा मुख्यतः या क्रमाविषयीच असते.

तथापि या क्रमाला आणखी एक धागा आहे. तो शब्दांचा होय. विद्यार्थी शाळेतून जी परिभाषा घेऊन येतो, महाविद्यालयात त्याला जी परिभाषा भेटते, आणि पदवीनंतर उपजीविकेच्या ठिकाणी त्याला ज्या परिभाषेत लिहावे लागते, त्या तिन्ही एकमेकींशी जुळलेल्या असतील तरच विषयांचा क्रम सार्थ होतो. या धाग्याचा हिशेब तासिकांच्या हिशेबात सहसा धरला जात नाही. औरंगाबाद शहराचा (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) इतिहास या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. या भागातील रसायनाचे उच्च शिक्षण प्रथम उर्दूतून व नंतर इंग्रजीतून झाले. त्या शिक्षणाच्या दाराशी येणारा बहुसंख्य विद्यार्थी मात्र दोन्ही काळांत मराठी बोलणारा होता. शहराच्या पूर्वेस, जालना रस्त्यावर, चिकलठाणा येथे जी औद्योगिक वसाहत उभी राहिली, तिथल्या औषधनिर्मितीच्या कारखान्यांत या शिक्षणाची कसोटी लागते. या प्रवासाचा आढावा घेऊन त्यातून आजच्या आखणीला काय घेता येईल, याचा विचार पुढे केला आहे.

२

निजाम मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानानुसार हैदराबाद येथे उस्मानिया विद्यापीठाची स्थापना १९१८ मध्ये झाली आणि १९१९ मध्ये अध्यापनास प्रारंभ झाला. भारतीय भाषेतून सर्व विषयांचे उच्च शिक्षण देणारे आधुनिक धर्तीचे हे पहिलेच विद्यापीठ होते. इंग्रजी हा विषय आवश्यक होता, परंतु शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की वर्ग भरण्यापूर्वीच, १९१७ मध्ये, ‘दारुल तर्जुमा’ ही भाषांतर-संस्था स्थापन करण्यात आली होती. पाठ्यपुस्तके व परिभाषा आधी, वर्ग नंतर, असा तिचा क्रम होता.

या कार्याशी औरंगाबादचा संबंध निकटचा आहे. भाषांतर-संस्थेचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक हे औरंगाबाद येथे शिक्षणखात्यात अधिकारी होते. १९१२ मध्ये अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे चिटणीसपद त्यांच्याकडे आल्यानंतर तिचे कार्यालय औरंगाबादेत आले, आणि १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते दिल्लीला हलेपर्यंत उर्दूच्या ग्रंथव्यवहाराचे हे शहर एक प्रमुख केंद्र राहिले. ‘उर्दू’ हे त्रैमासिक अंजुमनने १९२१ मध्ये सुरू केले. वहीदुद्दीन सलीम यांचा ‘वज़्अ-ए-इस्तिलाहात’ हा परिभाषा-निर्मितीच्या तत्त्वांची चर्चा करणारा ग्रंथ अंजुमनतर्फेच प्रसिद्ध झाला. शास्त्रीय संज्ञा कशी घडवावी, या प्रश्नाचा इतका पद्धतशीर विचार ज्या गावात झाला, त्याच गावात १९२३ मध्ये इंटरमीजिएट महाविद्यालय सुरू झाले. पुढे अब्दुल हक हे तेथे प्राचार्यही होते. इंटरनंतर पदवीसाठी मात्र मराठवाड्यातील विद्यार्थ्याला हैदराबादची वाट धरावी लागे.

या विद्यार्थ्यापुढे येणारे शब्द कोणते होते, ते पाहणे उद्बोधक आहे. मूलद्रव्याला ‘उन्सुर’, संयुगाला ‘मुरक्कब’, मिश्रणाला ‘आमेज़ा’, आम्लाला ‘तुर्शा’, द्रावणाला ‘महलूल’, समीकरणाला ‘मसावात’, आणि रेणूला ‘सालिमा’ ही नावे उर्दू परिभाषेत रूढ झाली. भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहता मराठी व उर्दू संज्ञांच्या मागील कल्पना पुष्कळदा एकच आहेत. ‘मुरक्कब’ आणि ‘संयुग’ या दोहोंतही जोडणीची कल्पना आहे. संयुजेसाठी असलेल्या ‘गिरफ़्त’ या फारसी शब्दाचा अर्थ पकड असा होतो. तो संस्कृत घडणीच्या ‘संयुजे’पेक्षा चित्रमय आहे, एवढेच. अणूसाठी योजलेला ‘जौहर’ हा शब्द तर मराठीच्या घरचाच म्हणता येईल, कारण मराठीतील ‘जवाहीर’ हे त्याच शब्दाचे अरबी अनेकवचन आहे. परंतु व्युत्पत्ती जाणणाऱ्याला दिसणारे हे नाते वर्गात बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला दिसत नसे. हैदराबाद संस्थानात मराठी भाषकांची संख्या सुमारे एक चतुर्थांश होती. उर्दू ही मातृभाषा असणारे त्याहून बरेच कमी होते. मराठवाड्याच्या खेड्यातून आलेल्या मुलाला रसायन शिकण्यापूर्वी रसायनाची भाषा शिकावी लागे, आणि ती भाषा त्याच्या घरात कोणी बोलत नसे.

उस्मानियाच्या योजनेचे मूल्यमापन करताना या दोन्ही बाजू ध्यानात ठेवल्या पाहिजेत. शिक्षणाच्या तंत्राच्या दृष्टीने ती योजना आदर्शवत होती, कारण परिभाषेला तिने अभ्यासक्रमाचा पाया मानले. लोकांच्या दृष्टीने ती अपुरी होती, कारण तो पाया राज्यातील अल्पसंख्य लोकांच्या भाषेवर रचलेला होता.

३

परिभाषेचा शास्त्राच्या आखणीशी असलेला संबंध ही काही पौर्वात्य अडचण नव्हे. आधुनिक रसायनशास्त्राचा आरंभच नामकरणाच्या सुधारणेने झाला. १७८७ मध्ये गितों द मोर्व्हो, लाव्हाझिए, बर्तोले आणि फूर्क्रुआ या चार फ्रेंच रसायनज्ञांनी नामकरणाची नवी पद्धती मांडली आणि १७८९ मध्ये लाव्हाझिएने तिच्या आधारे आपला पाठ्यग्रंथ रचला. ज्या पदार्थांची नावे पूर्वी रंगावरून, गावावरून वा शोधकावरून पडलेली होती, त्यांना घटकांवरून नावे मिळाली. नाव उच्चारताच घटक कळावेत, अशी ही व्यवस्था होती. पुढे बर्झेलियसने एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अक्षरचिन्हे रूढ केली. शुद्ध व उपयोजित रसायनाचा आंतरराष्ट्रीय संघ १९१९ मध्ये, म्हणजे उस्मानियाचे वर्ग ज्या वर्षी भरू लागले त्याच वर्षी, स्थापन झाला. तेव्हापासून चिन्हे व सूत्रे यांच्या बाबतीत जगभर एकवाक्यता आहे. वाद राहिला तो सूत्रांच्या भोवतीच्या वाक्यांचा.

मराठीत या वाक्यांची सिद्धता फार आधीपासून सुरू झाली होती. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७–१९०६) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रसायन व इतर शास्त्रांवर मराठीत अनेक ग्रंथ लिहिले. विसाव्या शतकात नागपूर येथे डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातूंपासून संपूर्ण परिभाषा घडविण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या पद्धतीत ऑक्सिजन हा ‘जारक’, हायड्रोजन हा ‘उदजन’ आणि नायट्रोजन हा ‘भूयाति’ झाला. रचना म्हणून ही पद्धती तर्कशुद्ध होती, परंतु मराठी पाठ्यपुस्तकांनी मूलद्रव्यांची आंतरराष्ट्रीय नावेच पुढे चालविली आणि व्यापक कल्पनांसाठी तेवढे संस्कृतोद्भव शब्द योजले. उर्दूनेही मूलद्रव्यांच्या बाबतीत ‘ऑक्सीजन’, ‘नाइट्रोजन’ हीच वाट धरली होती. दोन भिन्न परंपरा स्वतंत्रपणे एकाच तडजोडीवर याव्यात, हे त्या तडजोडीच्या व्यवहार्यतेचे गमक होय.

४

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, आणि त्यानंतर उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी झाले. तीन दशकांत उभी केलेली उर्दू परिभाषा अभ्यासक्रमातून निघून गेली. तिच्या जागी इंग्रजी आली, आणि यावेळी मधली सिद्धता करणारी कोणतीही भाषांतर-संस्था उभी राहिली नाही. जून १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबाद येथे कला व विज्ञान महाविद्यालय काढले. पुढे ते ‘मिलिंद महाविद्यालय’ या नावाने प्रसिद्ध झाले. ज्यांच्या घराण्यात पूर्वी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते, असे विद्यार्थी येथे पदवीच्या वर्गात आले. भाषेचा प्रश्न त्यामुळे केवळ माध्यमाचा न राहता सामाजिक न्यायाचाही झाला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. (१९९४ मध्ये या विद्यापीठाचा नामविस्तार होऊन त्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव जोडण्यात आले.) आता विद्यापीठ मराठी प्रदेशाचे होते, विद्यार्थी मराठी होते, विज्ञानशाखेचे अध्यापन व परीक्षा मात्र व्यवहारात इंग्रजीतून चालू राहिल्या. १९६० च्या दशकाच्या अखेरीस प्रादेशिक भाषांतून विद्यापीठीय ग्रंथ निर्माण करण्याची योजना केंद्र सरकारच्या साहाय्याने सुरू झाली, महाराष्ट्रात नागपूर येथे ग्रंथनिर्मिती मंडळ स्थापन झाले, आणि भाषा संचालनालयाने रसायनशास्त्राचा परिभाषा कोशही सिद्ध केला. येथे उस्मानियाच्या उदाहरणाचा उलटा प्रत्यय येतो. तेथे पुस्तके आधी तयार झाली आणि वर्ग त्यांच्या मागून आले. येथे पुस्तके आली, पण त्यांना वर्ग मिळाला नाही.

शालेय पातळीवर मात्र मराठी परिभाषा दृढमूल झाली. त्यामुळे दोन निरनिराळे सांधे निखळलेले दिसतात. पहिला सांधा दहावी व अकरावी यांच्यामधील होय. दहावीपर्यंत ‘अभिक्रिया’, ‘संयुजा’, ‘आम्लारी’ हे शब्द लिहिणारा विद्यार्थी अकरावीत एकदम इंग्रजी संज्ञांना सामोरा जातो. पदवीचा अभ्यासक्रम आखणारे असे गृहीत धरतात, की हा सांधा बारावीपर्यंत जुळून गेला असेल. दुसरा सांधा मराठी व हिंदी यांच्यामधील आहे. तो कोणाच्या ध्यानातही सहसा येत नाही. मराठीत ‘अणू’ म्हणजे मूलद्रव्याचा लघुतम कण आणि ‘रेणू’ म्हणजे अणूंचा समूह. हिंदीत पहिल्यास ‘परमाणु’ म्हणतात आणि दुसऱ्यास ‘अणु’. मराठीतील ‘क्षार’ म्हणजे आम्ल व आम्लारी यांच्या संयोगाने बनलेला पदार्थ. हिंदीत त्यास ‘लवण’ म्हणतात आणि ‘क्षार’ हा शब्द अल्कलीसाठी राखून ठेवतात. मराठीत ‘तत्त्व’ म्हणजे सिद्धान्त, हिंदीत ‘तत्त्व’ म्हणजे मूलद्रव्य. स्वस्त व मुबलक म्हणून हिंदी मार्गदर्शिकेचा आधार घेणारा विद्यार्थी या तीन शब्दांपाशी तीन वेळा फसू शकतो, आणि तो फसला हे उत्तरपत्रिका इंग्रजीत असल्याने परीक्षकाला कळतही नाही. त्याला दिसतो तो केवळ कल्पनांचा गोंधळ.

याहूनही सूक्ष्म उदाहरण ‘सेंद्रिय’ या शब्दाचे आहे. इंद्रिये असलेल्या सजीवांपासून मिळणारा तो सेंद्रिय पदार्थ, अशी ही घडण आहे. उर्दूतील ‘नामियाती’ हा शब्दही ‘वाढणारा’ या अर्थाच्या ‘नामी’पासून आला आहे. दोन्ही शब्दांत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची समजूत गोठून राहिली आहे. सजीवांतील पदार्थ घडविण्यास एक प्राणशक्ती लागते, अशी ती समजूत होती. १८२८ मध्ये फ्रीडरिख व्होलर याने निरिंद्रिय पदार्थांपासून युरिया तयार केला, तेव्हापासून या समजुतीचा पाया ढासळू लागला. पदवी-अभ्यासक्रमात सेंद्रिय रसायनाचा परिचय परंपरेने या प्रयोगाने करून दिला जातो. आता मराठवाड्यातील शेतकरी कुटुंबातून आलेल्या विद्यार्थ्याची स्थिती लक्षात घ्यावी. त्याच्या घरी युरियाची गोणी येते. ते ‘रासायनिक’ खत. शेणखत, गांडूळखत हे ‘सेंद्रिय’ खत. घरच्या भाषेत हे दोन शब्द परस्परविरोधी आहेत. पहिल्याच पाठात त्याला सांगितले जाते, की युरिया हे सेंद्रिय संयुग आहे. हा विरोध कोणी उलगडून दाखविला, तर त्याला शास्त्राच्या इतिहासाचा एक अत्यंत मोलाचा धडा मिळतो. कोणी उलगडला नाही, तर घरचे ज्ञान आणि पुस्तकी ज्ञान यांचा एकमेकांशी संबंध नसतो, असा चुकीचा धडा तो निमूटपणे शिकतो. पुढील सर्व अभ्यासावर त्याची छाया पडते.

५

अभ्यासक्रमाचा दुसरा शेवट चिकलठाण्यास आहे. ‘ठाणा’ हे संस्कृत ‘स्थान’, प्राकृत ‘ठाण’ यांचे रूप उघड आहे. पूर्वपदाचा संबंध ‘चिखल’ या शब्दाशी सहज सुचतो. शहरापासून वेगळे असलेले हे जुने गाव आज विमानतळ आणि औद्योगिक वसाहत यांमुळे परिचित आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या येथील वसाहतीत औषधनिर्मितीचे कारखाने उभे राहिले, आणि रसायनाच्या पदवीधरास गावाजवळ काम मिळण्याची सोय झाली.

या कामाशी पदवीचा संबंध कायद्यानेही जोडलेला आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा असून त्याखालील नियम १९४५ चे आहेत. त्यांतील ७१ व्या नियमानुसार औषधनिर्मिती ज्या तज्ज्ञाच्या देखरेखीखाली व्हावी, त्याच्या अर्हतांमध्ये औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीबरोबरच, रसायनशास्त्र हा मुख्य विषय असलेली विज्ञानाची पदवी व पदवीनंतर औषधनिर्मितीतील तीन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव, हीही एक अर्हता आहे. येथील ‘मुख्य विषय’ हे शब्द आखणीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. महाराष्ट्रातील विज्ञानाच्या जुन्या पदवीत बहुधा तीन विषय जवळजवळ समान वजनाने घेतले जात. त्या रचनेत मुख्य कोणता, या प्रश्नाचे उत्तर सरळ मिळत नसे. राष्ट्रीय शिक्षण धोरण, २०२० यानुसार झालेल्या रचनेत मुख्य विषय व गौण विषय असा स्पष्ट भेद आहे. कायद्याची भाषा आणि अभ्यासक्रमाची भाषा यांच्यात त्यामुळे आता मेळ दिसतो.

कारखान्याच्या गुणवत्ता-परीक्षण प्रयोगशाळेत चालणाऱ्या कामाचे स्वरूप पाहिले, तर तेथे हाताइतकेच लेखणीला काम असते. नमुना घेतला, वजन केले, द्रावण केले, अनुमापन केले, यांपैकी प्रत्येक कृतीची नोंद त्याच वेळी करावी लागते; चूक झाल्यास मूळ अक्षर वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारून, दुरुस्ती, सही व दिनांक घालावा लागतो; आणि ठरलेल्या पद्धतीहून काही वेगळे घडल्यास त्याचे कारण वाक्यांत मांडावे लागते. औषधकोश इंग्रजीत, कार्यपद्धती इंग्रजीत, नोंदी इंग्रजीत. बोलणे मात्र मराठीत. ‘सॅम्पल काढले’, ‘टायट्रेशन लावले’, ‘रीडिंग घेतले’, अशी इंग्रजी नामे व मराठी क्रियापदे यांची ही बोली आहे. भाषाशास्त्रज्ञास तीत काही गैर दिसण्याचे कारण नाही. कोणत्याही धंद्याची बोली अशीच घडते. परंतु बोलीतील क्रियापद मराठी असताना लेखनातील क्रियापद इंग्रजी असावे लागते, आणि नोंदीचा अर्थ क्रियापदावर अवलंबून असतो. जो पदवीधर अनुमापन बिनचूक करतो, पण ते कसे केले हे दोन वाक्यांत लिहू शकत नाही, त्याचे कौशल्य कागदावर सिद्ध होत नाही. या उद्योगात तर कागदावर सिद्ध न झालेले काम झालेच नाही, असे मानण्याची रीत आहे. त्याची बढती त्या दोन वाक्यांपाशी अडते.

६

आता आखणीच्या प्रश्नाकडे वळणे इष्ट होईल. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ या वर्षापासून नवी रचना लागू झाली. तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० श्रेयांक आणि चार वर्षांच्या पदवीस किमान १६० श्रेयांक अशी तिची मर्यादा आहे. एक श्रेयांक म्हणजे व्याख्यानाचे १५ तास. प्रात्यक्षिकाच्या बाबतीत ३० तास. मुख्य व गौण विषयांखेरीज व्यावसायिक कौशल्य, भाषाविषयक क्षमतावर्धन, भारतीय ज्ञानप्रणाली, प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण इत्यादी घटकांना तीत स्वतंत्र श्रेयांक आहेत. मुख्य विषयासाठी तास कमी पडतात, अशी तक्रार या घटकांविषयी ऐकू येते. ती निराधार नाही. परंतु याच घटकांत परिभाषेला प्रथमच अधिकृत जागा मिळू शकते, ही गोष्ट त्या तक्रारीच्या भरात दृष्टीआड होऊ नये.

पहिल्या सत्रातील दोन श्रेयांक, म्हणजे व्याख्यानाचे ३० तास, या कामास पुरेसे होतील. त्यांचे तीन भाग करता येतील. पहिल्या भागात शालेय मराठी संज्ञा व इंग्रजी संज्ञा यांची सांगड घालावी, आणि हिंदीत भिन्न अर्थाने येणाऱ्या शब्दांकडे लक्ष वेधावे. दुसऱ्या भागात नामकरणाचा इतिहास द्यावा. लाव्हाझिएपासून आंतरराष्ट्रीय संघापर्यंतचा हा इतिहास सांगताना ‘सेंद्रिय’, ‘आम्लारी’, ‘जौहर’ यांसारखे शब्द उलगडून दाखवावेत, म्हणजे मोडकांचे श्रम आणि दारुल तर्जुमाचे श्रम हे दोन्ही विद्यार्थ्याला आपल्या वारशाचा भाग वाटतील. उर्दू शाळांतून आलेल्या विद्यार्थ्यांची संख्या या शहरात लक्षणीय आहे. त्यांच्या दृष्टीने हे विवेचन अधिकच आवश्यक होय. तिसऱ्या भागात प्रयोगवहीचे लेखन शिकवावे. प्रथम निरीक्षण मराठीत अचूक मांडावे आणि नंतर तेच इंग्रजीत लिहावे. प्रात्यक्षिकाची वही शेवटच्या आठवड्यात उतरवून काढण्याची सवय मोडण्यासही याचा उपयोग होईल.

या सूचनेवर दोन आक्षेप संभवतात. भाषेचे काम रसायनाच्या अध्यापकाने का करावे, हा पहिला. त्याचे उत्तर असे, की ‘अणू’ आणि ‘रेणू’ यांतील भेद हा भाषेच्या वर्गात शिकविता येण्याजोगा नाही. तो रसायनाचाच भेद आहे. शेवटी इंग्रजीच वापरावयाची असेल तर मराठीचा फेरा कशासाठी, हा दुसरा आक्षेप. त्याचे उत्तर औरंगाबादच्या इतिहासातच आहे. उर्दूच्या काळी आणि इंग्रजीच्या काळी, दोन्ही वेळा विद्यार्थ्याला त्याच्या भाषेपासून सोडवून नव्या भाषेत नेण्याचा प्रयत्न झाला, आणि मधला पूल बांधण्याचे काम विद्यार्थ्यावरच सोडले गेले. ज्यांच्या घरी शिक्षणाची परंपरा होती, त्यांनी तो बांधला. ज्यांच्या घरी ती नव्हती, त्यांतील कितीजण अर्ध्यावर थांबले असतील, हे कोणत्याही निकालपत्रकात दिसत नाही, कारण निकालपत्रक नापासाचा विषय नोंदविते, नापासाची भाषा नोंदवीत नाही.

१९१७ मध्ये ज्या योजकांनी वर्ग भरण्याआधी शब्द सिद्ध केले, त्यांची भाषेची निवड मराठवाड्याला लाभली नाही; त्यांनी स्वीकारलेला क्रम मात्र योग्य होता. चिकलठाण्याच्या प्रयोगशाळेत नोंदवही उघडून बसलेल्या पदवीधराच्या दृष्टीने पाहिले, तर त्या क्रमाकडे परत जाण्यास फारसा खर्च येत नाही. तीस तास पुरेत. अभ्यास मंडळाने ते पहिल्याच सत्रात राखून ठेवावेत.